बावीस आटे

थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट आहे. बाळंतपणासाठी ती आमच्याकडे आली होती आणि फेब्रुवारीत एकाच्या जागी दोघं आले. दोन्ही मुलगे, दोन्ही रडके. एक झोपला की दुसरा उठायचा. घरात सकाळपासून लंगोट धुणं चालायचं, आणि नेमकं त्याच महिन्यात आमच्या खालच्या गल्लीचं पाणी कमी झालं.

मी तेव्हा पाणीखात्यात चावीवाला होतो. कुलपाच्या चावीशी या कामाचा संबंध नाही. रस्त्याखालून पाण्याच्या लाईन जातात, त्यांना जागोजागी व्हॉल्व्ह असतात, आणि प्रत्येक व्हॉल्व्हवर एक बांधलेला खड्डा असतो, लोखंडी झाकणाचा. झाकण उचलायचं, छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी आत उतरवायची आणि तिचा वरचा आडवा दांडा धरून फिरवायची. मोठा व्हॉल्व्ह नुसत्या मनगटानं फिरत नाही. दांडा छातीशी घेऊन चावीभोवती चालावं लागतं. एक पूर्ण फेरी म्हणजे एक आटा. बंद पडलेल्या सूतगिरणीच्या भिंतीमागे सात नंबरचा व्हॉल्व्ह होता, तो बावीस आट्यांचा. बावीस फिरवले की पूर्ण उघडा, उलटे बावीस फिरवले की पूर्ण बंद. बंद करतानाचे शेवटचे दोन आटे सगळ्यांत जड. तिथे भल्याभल्यांचा घाम निघायचा.

आमच्या भागाला चावीवाले दोघं. एक मी आणि दुसरा पक्कड. आईबापांनी त्याला चांगलं नाव ठेवलं होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. गंजलेला नट तो पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी सोडवायचा, म्हणून तो पक्कड. सव्वीस वर्षं आम्ही एकत्र काम केलं. तेव्हा आम्हा दोघांनाही अक्षर येत नव्हतं. मी पुढे निवृत्त झाल्यावर शिकलो, तो तसाच राहिला. त्यामुळे आम्ही कोळशाच्या खुणा करायचो. व्हॉल्व्ह उघडला की झाकणाच्या आतल्या बाजूला गोल, बंद केला की फुली. रोज जुनं पुसायचं, नवं काढायचं. संध्याकाळी मुकादम तोंडी विचारून त्याच्या वहीत लिहायचा.

पक्कड वरच्या गल्लीत राहायचा. त्या गल्लीतले लोक मूळचे डोंगरापलीकडचे. त्यांचे आजेपणजे कधीतरी इकडे आले. त्यांची प्रार्थना वेगळी, घरात बोलायची भाषा वेगळी. बाकी सगळं आमच्यासारखंच. माझ्या बायकोचा जन्म त्यांच्याच एका सुईणीच्या हातून झालेला. ते वेगळे आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्याचं कुणाला काही वाटत नसे. एखाद्याचे कान मोठे असतात, तसं.

त्या वर्षी जानेवारीत डोंगरापलीकडे काहीतरी पेटलं आणि ट्रक भरभरून माणसं आमच्याकडे आणून सोडली. त्यांना सूतगिरणीच्या गोदामांत ठेवलं. पहिल्या आठवड्यात लोकांनी जुने कपडे दिले, माझ्या बायकोनं दोन चादरी दिल्या. दुसऱ्या आठवड्यात मोजदाद सुरू झाली. सकाळी आमच्या गल्लीतला टेलर म्हणाला दोनशे आहेत. दुपारी न्हाव्याच्या दुकानात आठशे झाले. संध्याकाळपर्यंत दोन हजार.

“एवढ्या गोदामात दोन हजार मावतील कसे?” मी विचारलं.

“त्यांना सवय असते,” टेलर शिलाई मशीन न थांबवता म्हणाला.

मी हसलो. पण घरी जाताना मनात आलं, खरंच मावत असतील तर?

वरून हुकूम आला की गोदामातल्या नळाला रोज सकाळी सहा ते साडेसहा पाणी द्यायचं. सात नंबरचा व्हॉल्व्ह आठ वर्षं बंद होता. आता मी तो सहाला उघडायचो, साडेसहाला बंद करायचो. मग पाण्याचा जोर आमच्या खालच्या गल्लीकडे वळायचा. वरची गल्ली आणि टाकी पक्कडकडे.

फेब्रुवारीच्या मध्यापासून आमच्या नळाला करंगळीएवढी धार यायला लागली. गल्लीच्या टोकाच्या घरांना तीही नाही. बायको बादली आपटून म्हणाली, “चावीवाल्याच्या घरात पाणी नाही! लोक हसतात मला. दोन-दोन बाळंतपणं निभवायची कशानं?”

“बाळंतपणं दोन नाहीत, बाळंतीण एकच आहे.”

“जीभ चालवू नका. मघाशी मी गिरणीवरून आले. बारा वाजता त्यांचा नळ वाहतोय. बायका रांगेनं भरताहेत. माझ्या डोळ्यांनी पाहिलं.”

“मी साडेसहाला बंद करतो.”

“मग कुणीतरी उघडतंय,” ती म्हणाली.

टेलरच्या दुकानातही तोच विषय निघाला. तो मापाची पट्टी गळ्यात टाकून उभा होता. त्यानं मला विचारलं, “तुमच्या भागात मोठ्या चाव्या किती?”

“दोन.”

“एक तुझ्याकडे.”

“हो.”

त्यानं खडूनं कापडावर रेघ मारली आणि माझ्याकडे बघत राहिला. नाव त्यानं घेतलं नाही, मीही घेतलं नाही. पण त्या दिवसापासून मी पक्कडकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

आम्ही दहा वाजता टाकीखाली चहा प्यायचो. एरवी मी त्याच्या गल्लीची आणि तो माझ्या बायकोच्या आवाजाची थट्टा करायचा. त्या दिवशी मी सहज विचारल्यासारखं केलं, “काय म्हणतात तुमचे लोक?”

“कोण माझे लोक?”

“गोदामातले.”

तो हसला. “अरे, परवा त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याशी आमच्या भाषेत बोलायला गेलो. तो पोट धरून हसला. म्हणाला, तू माझ्या पणजीसारखा बोलतोस. आम्ही बोलतो ते अर्धं त्यांच्याकडे कधीच बंद झालंय. शेवटी दोघं खुणांनी बोललो.”

त्याला ही गंमत वाटत होती. मला त्यातलं एकच ऐकू आलं.

“म्हणजे तू तिथे गेला होतास,” मी म्हणालो.

त्यानं कप खाली ठेवला. “गेलो होतो. का?”

“काही नाही.”

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “तुझा खांदा कसा आहे?”

“खांद्याला काय झालंय?” मी तुटकपणे म्हणालो.

डिसेंबरात मी टाकीच्या शिडीवरून घसरलो होतो. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. हे मी घरीसुद्धा धड सांगितलं नव्हतं. निवृत्तीला सोळा महिने राहिले होते. चावी फिरवता येत नाही असं मुकादमाला कळलं असतं, तर डॉक्टरचा कागद करून त्यानं मला मधेच घरी बसवलं असतं. मी माझी तोड काढली होती. चावीभोवती चालायचं नाही. एका जागी पाय रोवायचे, डाव्या हातानं दांडा आपल्याकडे ओढायचा, सोडायचा, दुसरं टोक धरून परत ओढायचा. दोन ओढी म्हणजे एक आटा. उघडताना चावी शेवटाला आपोआप अडते, मोजायचं ते बंद करताना. चव्वेचाळीस ओढी म्हणजे बावीस. मी एकही चुकवत नव्हतो. मोजण्यात मी कच्चा नव्हतो.

खांद्याचं ह्याला कसं कळलं, आणि हा आत्ताच का विचारतोय? मुकादमाच्या कानावर घालायचा विचार असेल, असं मला वाटलं.

त्याच आठवड्यात मला ठिपके दिसले. सकाळी सात नंबरचं झाकण उचललं, तर आदल्या दिवशीच्या माझ्या फुलीखाली कोळशाचे दोन ठिपके. आमच्या खुणांमध्ये ठिपका नव्हता. मी पुसले. दुसऱ्या दिवशी परत दोन. तिसऱ्या दिवशी परत दोन. मी झाकण हातात धरून बराच वेळ बसलो. दोन म्हणजे काय? दोन तास? दुपारी दोन वाजता? दोन माणसं? गोदामातल्या कुणाला तरी दिसावं म्हणून काढलेले? सव्वीस वर्षांत जी खूण आम्ही दोघांनी मिळून ठरवली नाही, अशी खूण त्या झाकणावर कधी पडली नव्हती. मी त्याला सरळ विचारू शकलो असतो. टाकीखाली रोज भेटत होतो. पण विचारलं तर तो सावध होईल, असं वाटलं.

मग एका दुपारी मी पाळत ठेवली. गिरणीच्या कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीची बंद टपरी होती, तिच्या आडोशाला उभा राहिलो. बारानंतर पक्कड आला. खांद्यावर चावी. इकडेतिकडे बघितलं नाही, सरळ सात नंबरपाशी गेला. झाकण उचललं. तेवढ्यात गोदामाच्या बाजूनं एक बाई आली, कडेवर मूल, हातात रिकामी बादली. ती त्याच्याशी बोलायला लागली. हात जोडत होती, मुलाकडे बोट दाखवत होती. तो मान हलवत होता. शेवटी त्यानं चावी आत घातली आणि दांड्याला छाती लावून चालायला लागला. बाई तिथेच उभी राहिली, मग गेली.

मला वाटलं, संपलं. तिनं मागितलं, ह्यानं दिलं. माझे नातू घरी ओल्या लंगोटांत पडले आहेत आणि हा आमचं पाणी वाटतोय.

तो कुठल्या दिशेनं चालत होता, हे मी पाहिलं नाही. टपरीच्या फटीतून मला फक्त त्याची पाठ आणि त्या बाईचं तोंड दिसत होतं. सव्वीस वर्षं चावी फिरवणाऱ्या माणसानं सगळ्यात आधी बघायची गोष्ट तीच, आणि तीच मी बघितली नाही.

घरी येऊन मी फक्त बायकोला सांगितलं, आणि वर म्हणालो, कुठे बोलू नकोस. ती फक्त टेलरच्या बायकोकडे बोलली. पाच वाजता मुकादमाच्या खोलीबाहेर आमची अर्धी गल्ली उभी होती.

मुकादम वाईट माणूस नव्हता. भित्रा होता. त्यानं खिडकी लावून घेतली, पक्कडला आणि मला समोर उभं केलं. टेलर कुणी न बोलावता आत आला आणि बाकावर बसला.

“सात नंबरला रोज दुपारी जातोस का?” मुकादमानं विचारलं.

“जातो,” पक्कड म्हणाला.

बाहेर खिडकीला कान लावलेल्यांत गलका झाला.

“ती लाईन तुझी नाही. कशाला जातोस?”

“बंद करायला.”

“बंद तर हा साडेसहाला करून येतो. माझ्या वहीत रोज आहे. बंद असलेलं तू काय बंद करतोस?”

पक्कडनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आम्ही दोघं जड झाकण उचलताना एकमेकांकडे बघायचो ना, ‘घेऊ का?’ म्हणून, तसं.

“ह्यालाच विचारा,” तो म्हणाला.

मुकादम माझ्याकडे वळला. “किती आटे फिरवतोस?”

“बावीस. मोजून,” मी म्हणालो. तेव्हा मला तेच खरं वाटत होतं. आणि शिवाय असंही वाटलं की हा आपली चोरी माझ्या अंगावर ढकलतोय, खांद्याचं काढणार आता. म्हणून त्यानं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, “आणि झाकणावर ठिपके कसले काढतोस, ते पण सांग की.”

“ठिपके?” टेलर बाकावरून उठला. “खाणाखुणा चालल्यात म्हणजे!”

“दोन ठिपके म्हणजे...” पक्कडनं सुरुवात केली. परत माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, “जाऊ दे.”

“बघा! सांगता येत नाही,” टेलर म्हणाला. “रक्त ते रक्त. तीन पिढ्या इथलं पाणी प्याले, पण ओढा तिकडेच.”

मुकादमानं पक्कडची चावी काढून घेतली. तो चावी भिंतीला टेकवून ठेवत होता तेव्हा ती घसरली, तर पक्कडनंच ती झेलली आणि नीट उभी केली. मग गेला. बाहेर लोकांनी त्याला वाट दिली, कुणी हात लावला नाही. फक्त कुणीतरी मागून म्हणालं, “आता जा तिकडेच राहायला.” त्याचं घर तर वरच्या गल्लीत होतं, माझ्या घरापासून चार मिनिटांवर.

त्याच्या जागी टेलरचा मेहुणा आला. चाळिशीचा, बडबड्या, अंगानं दणकट. पहिल्या दिवशी मुकादमानं त्याला माझ्याबरोबर पाठवलं, काम बघायला. साडेसहाला मी सात नंबर बंद करायला घेतला.

“बाजूला उभा राहून मोज,” मी सांगितलं. “बावीस.”

मी पाय रोवले, ओढी घेतल्या. चव्वेचाळीस झाल्या. चावी काढायला लागलो तर तो म्हणाला, “काका, वीसच झाले.”

“बावीस झाले.”

“तुमच्या ओढी बावीस आट्यांच्या. दांडा नाही फिरला तेवढा. मी झाकणाच्या कडीकडे बघून मोजत होतो. दांड्याचं टोक दर वेळी थोडं अलीकडेच राहतंय.” त्यानं माझ्या हातातून चावी घेतली, छाती लावली आणि दातओठ खात दोन फेऱ्या मारल्या. खाली पाण्याचा जो बारीक सूं आवाज असतो तो बंद झाला. तो आवाज इतके दिवस चालू होता, हेही मला तो थांबल्यावर कळलं.

“राहिलेच होते की दोन,” तो हसत म्हणाला.

दोन. मी झाकण उलटं केलं. जुने ठिपके मी पुसले होते, पण कोळशाचा डाग राहिला होता.

“कुणाला बोलू नकोस,” मी त्याला म्हणालो.

“मी कशाला बोलू? माझी नोकरी त्याच्यावरच लागलीये,” तो म्हणाला. आणि पुन्हा हसला.

त्या दिवसापासून सात नंबर तो बंद करायला लागला, आणि गोदामाचा नळ साडेसहाला ठणठणीत कोरडा व्हायला लागला. आमच्या गल्लीत पाण्याला जोर आला. बायकोनं दोन ड्रम भरून ठेवले. आणि सगळी गल्ली म्हणायला लागली, “बघा, त्याला काढला आणि पाणी आलं. आता आणखी काय पुरावा पाहिजे?”

याला उत्तर फक्त माझ्याकडे होतं.

चौथ्या दिवशी दुपारी मी पक्कडकडे गेलो. त्याची बायको दारात बसून एका बरणीला फडकं बांधत होती. मला बघून आत गेली, पाणी घेऊन आली. भांडं अर्धंच भरलेलं होतं. मी तिला वहिनी म्हणायचो, ती मला भावजी म्हणायची. त्या दिवशी ती काहीच म्हणाली नाही. पक्कड आत खाटेवर बसला होता.

मी म्हणालो, “माझेच दोन आटे राहत होते.”

“माहीत आहे मला.”

“कधीपासून?”

“गोदामाला पाणी सुरू झालं तेव्हापासून. दुपारी टाकीची पातळी उतरायची, म्हणून शोधत गेलो, तर सात नंबर गळत होता. तुझा खांदा तर मला डिसेंबरातच कळला. तू झाकण डाव्या हातानं उचलायला लागलास.”

“मग मला सांगायचं!”

“तुला सांगितलं असतं तर तू भांडला असतास. मुकादमाला सांगितलं असतं तर तुला घरी बसवला असता. दोन आटेच होते. म्हटलं, मी मारून येईन. ठिपके एवढ्यासाठी काढले की कधी विचारलंस तर दाखवता येतील. एक आटा, एक ठिपका.”

“आणि ती बाई?”

“ती रोज रडायची. बंद करू नका म्हणायची. तिला वाटायचं मीच त्यांचं पाणी तोडतोय. तिथे मला शिव्या, इथे पण शिव्या.”

“मग मुकादमासमोर का नाही बोललास?”

“मी बोललो असतो तर कुणाला खरं वाटलं असतं? ते तुझ्या तोंडूनच यायला हवं होतं. मी थांबलो तुझ्यासाठी.”

“मी उद्याच बोलतो,” मी म्हणालो.

आणि मी खरंच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी मुकादमाच्या खोलीपर्यंत गेलोही. आत टेलर आणि आणखी चार जण होते. मुकादम म्हणाला, “ये, बरा आलास. असं ठरतंय की वरच्या गल्लीला दिवसाआड पाणी द्यायचं. ते लोक रात्रंदिवस गोदामात पोचवतात म्हणे बादल्यांनी. तू इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढलीस. तुला काय वाटतं?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मला त्या क्षणी सोळा महिने दिसले, घरात जुळं दिसलं, मुलीच्या सासरचे दिसले, आणि असंही वाटलं की ह्यांना कळलं तर हे सगळे आत्ता जसे पक्कडवर आहेत तसे माझ्यावर येतील.

“तुम्ही म्हणाल तसं,” मी म्हणालो.

वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह अठरा आट्यांचा. तो टेलरच्या मेहुण्यानं फिरवला. मी शेजारी उभा राहून मोजले.

त्यानंतर मी पक्कडच्या घराकडची वाटच टाळली. आणि एक विचित्र गोष्ट झाली. ज्याच्याबद्दल खरं काय ते मला कळलं होतं, त्याच्याबद्दलचा माझा संशय वाढायला लागला. तो कुणाला सांगत तर नसेल? वरच्या गल्लीतली दोन माणसं रस्त्यात बोलताना दिसली की माझ्याबद्दलच बोलताहेत असं वाटायचं. टेलरच्या मेहुण्यावरही माझा डोळा असायचा. तो दारू प्यायला बसला की मी समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसायचो, हा काय बरळतो ते ऐकायला. दुकानात नवा विषय निघाला की वरच्या गल्लीवाल्यांना नोकऱ्या कशा मिळतात, तर मीही मान हलवायचो. ते लोक वाईट ठरले तर माझं बरं होतं. एकदा टेलर म्हणाला, “आमच्या शाळेत त्यांची पोरं आमच्या पोरांच्या बाकावर बसतात,” तर मी म्हणालो, “होय ना!” दुकानात आलेल्या माझ्या बायकोनंसुद्धा माझ्याकडे चमकून बघितलं.

एप्रिलच्या सुरुवातीला परत ट्रक आले आणि गोदामातली माणसं कुठेतरी दुसरीकडे नेली. मोजून एकशे साठ निघाली. दोन दिवसांत गोदाम झाडून रिकामं. सात नंबरला कायमची फुली पडली. मला वाटलं आता वरच्या गल्लीचं पाणी रोजचं होईल. मुकादमाला विचारलं.

“लोक ऐकणार नाहीत,” तो म्हणाला.

“पण गोदामात कुणी नाही आता.”

“गोदामात नाही. वरच्या गल्लीत आहेत ना?”

वरच्या गल्लीतल्या बायका पाणी नसेल त्या दिवशी जुन्या खाणीवर जायला लागल्या. खाणीत पावसाचं साठलेलं हिरवं पाणी होतं, कपड्याभांड्यांना चालायचं. ऊन वाढलं तसं पाणी खाली गेलं आणि दगडांवरून उतरावं लागायला लागलं. मे महिन्यात एका सकाळी कुणीतरी पळत आलं, खाणीत बाई पडली म्हणून. मी आणि टेलरचा मेहुणा दोर घेऊन गेलो, कारण मोठे दोर पाणीखात्याकडेच असायचे. तिला वर काढली तेव्हा तिच्या हातात कळशीची कड तशीच घट्ट होती. पक्कड तिथेच होता. त्यानं ती बोटं एकेक करून सोडवली. मी समोर होतो. त्यानं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुकादमाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. खांदा, ओढी, वीस आटे, ठिपके. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, “बस. पाणी पी.” मग म्हणाला, “हे आता कुणाला सांगू नकोस. वहीत एकदा गेलंय.”

मी तिथून टेलरच्या दुकानात गेलो आणि भरल्या दुकानात तेच सगळं परत सांगितलं. सदरा काढून खांदा दाखवला, हात वर जात नाही ते दाखवलं. टेलरनं मशीन थांबवलं. तो उठून माझ्याजवळ आला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, “तुझं मन मोठं आहे. ती तुझी वहिनी गेली म्हणून तू हे अंगावर घेतोयस, कळतं आम्हाला. पण एवढं चांगलं असू नये माणसानं. तुझ्या चांगुलपणाचाच फायदा घेतला त्यानं.”

“अरे, मी खरं सांगतोय! तुझ्या मेहुण्याला विचार. त्यानं मोजलेत.”

मेहुणा दारातच उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघून हसला नाही.

“मला काही आठवत नाही, काका,” तो म्हणाला.

टेलर परत मशीनवर बसला. कुणीतरी मला सदरा घालायला मदत केली. मला निवृत्तीपर्यंत कुणी काढलं नाही. वरच्या गल्लीचं पाणी आणखी तीन वर्षं दिवसाआड राहिलं, मग नवी टाकी झाली तेव्हा सगळ्यांचंच रोज झालं.

पक्कडची बायको त्या वर्षी मे महिन्याच्या सव्वीस तारखेला, गुरुवारी, सकाळी नऊच्या सुमारास जुन्या खाणीत पडून मेली. पक्कड जूनमध्ये घर सोडून धाकट्या मुलीकडे गेला आणि त्यानंतर सहा वर्षांनी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, तिथेच वारला. मला ते पंधरा दिवसांनी कळलं.